विश्लेषण : जुन्या ‘मसल कार’मध्ये आधी इंजिन नव्हे, ब्रेक का बदलायचे?

अमेरिकेतील साठच्या दशकातील ‘मसल कार’ आता साठीच्या घरात आल्या आहेत. पॉन्टिॲक जीटीओ, फोर्ड मस्टँग, शेवरोले कॅमॅरो ही नावे आजही वाहनप्रेमींना भुरळ घालतात. अशी गाडी हाती आली की हौशी मालक पहिला पैसा इंजिनावर घालतो. वास्तविक ताकद ही या गाड्यांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती थांबण्यात, वळण्यात आणि इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत पोहोचवण्यात. त्यामुळे ब्रेक, सस्पेन्शन आणि मागचा ॲक्सल या तीन गोष्टींकडे आधी पाहावे लागते. का आणि कोणत्या क्रमाने, याचा हा आढावा.

मसल कार म्हणजे नेमके काय?

मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणांना परवडेल अशी ठेवायची, हे मसल कारचे साधे सूत्र. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही या प्रकारातली पहिली गाडी असे सामान्यतः मानले जाते. त्या वेळी पॉन्टिॲकमध्ये असलेले जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी तिच्यामागे होते. तिचे ३८९ घनइंची, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे इंजिन ३२५ अश्वशक्ती देत असे. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली. मस्टँगला काटेकोरपणे ‘पोनी कार’ म्हटले जाते, पण तिच्या ताकदवान आवृत्त्यांची गणना मसल कारमध्येच होते.

या गाड्या मुळापासून वेगासाठी आखलेल्या नव्हत्या. मस्टँगचा सांगाडा आला तो फोर्डच्या ‘फाल्कन’ या साध्या कौटुंबिक गाडीतून. तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती आणि मूळ सहा सिलिंडरचे इंजिन होते अवघ्या १०१ अश्वशक्तीचे. पुढे ताकद वाढत गेली. ब्रेक आणि सस्पेन्शन मात्र बहुतेक गाड्यांत जुनेच राहिले.

ब्रेक कमी का पडतात?

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. एवढ्या उष्णतेत २० अंश तापमानाचे जवळपास पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. त्यात ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी १०० किलोमीटरवरून थांबायचे असेल तर ब्रेकवरचा भार दुप्पट नव्हे, जवळपास पावणेतीन पट होतो.

सुरुवातीच्या जीटीओला आणि साध्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. जीटीओचे ड्रम साडेनऊ इंचांचे होते. आपल्याकडची जुनी काळी-पिवळी पद्मिनी आठवा. तिलाही चारही चाकांना ड्रमच होते, पण तिचे इंजिन चाळीसच्या आसपास अश्वशक्तीचे. तशाच रचनेच्या ब्रेकवर ३२५ अश्वशक्तीची अवजड गाडी थांबवायची, ही जीटीओची स्थिती होती.

ड्रम ब्रेक पहिल्या एक-दोन वेळा नीट लागतो. चाकाच्या फिरण्यामुळे आतला ब्रेक शू ड्रमकडे ओढला जातो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. अडचण येते ती उतारावर किंवा वेगात वारंवार ब्रेक मारल्यावर. उष्णता बंद ड्रममध्ये कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते. लायनरची पकडही उतरते. पाय पूर्ण दाबलेला आहे आणि गाडी पुढेच जाते आहे, अशी ही अवस्था. ड्रममध्ये पाणी गेले तर पकड आणखी कमी होते. शिवाय चारही ड्रम सारखे लागत नसल्याने गाडी एका बाजूला ओढते.

डिस्क ब्रेकमध्ये चकती उघड्यावर असते. तिला हवा लागते, पाणी फेकले जाते आणि ती तापून प्रसरण पावली तरी पॅडपासून दूर जात नाही. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जग्वार सी-टाइपने विजय मिळवून हे जगाला दाखवून दिले होते. अमेरिकेत १९६५ मध्ये कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क मिळाल्या. मस्टँगच्या व्ही-८ आवृत्तीत पुढच्या डिस्क त्याच वर्षी जादा पैसे मोजून घेता येत होत्या. जीटीओला तो पर्याय १९६७ मध्ये मिळाला.

सर्वात मोठा धोका कोणता?

ड्रमपेक्षाही गंभीर बाब म्हणजे एकच मार्ग असलेली ब्रेक यंत्रणा. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत मास्टर सिलिंडरमध्ये एकच कप्पा असे आणि त्यातूनच चारही चाकांना ब्रेक ऑइल जाई. एक रबरी नळी फुटली किंवा एका चाकाचा सिलिंडर गळू लागला की चारही ब्रेक एकदम गेले. मग उरतो तो फक्त हँडब्रेक.

कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स या कंपन्यांनी १९६२ पासूनच दोन कप्प्यांचे मास्टर सिलिंडर द्यायला सुरुवात केली होती. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असतात. एक गेला तरी दुसरा निम्मे काम करतो. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाने वाहनसुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आणला. सप्टेंबर १९६६ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहनसुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर सर्रास दिसू लागला आणि १ जानेवारी १९६८ पासून तो नियमानेच बंधनकारक झाला.

म्हणून १९६६ किंवा त्याआधीची गाडी असेल आणि एकच बदल करण्याइतके पैसे हाती असतील, तर तो बदल दुहेरी मास्टर सिलिंडरचा असावा. बाहेरून पाहणाऱ्याला तो कळतही नाही. त्यासोबत जुन्या रबरी नळ्या आणि गंजलेले पाइपही बदलायचे. रबर आतून फुगून नळी बंद झाली तर पेडल सोडल्यावरही ब्रेक धरून राहतो.

डिस्क बसवल्या की काम झाले का?

नाही. नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. डिस्क हा एका साखळीचा भाग आहे आणि साखळीतील बाकीच्या कड्या तिच्याशी जुळाव्या लागतात.

पहिली कडी दाबाची. ड्रममध्ये शू स्वतःहून ओढला जातो, डिस्कमध्ये तसे होत नाही. त्यामुळे तिला जास्त दाब लागतो. मास्टर सिलिंडरचा व्यास लहान केला तर दाब वाढतो, पण पेडल लांबवर जाते. व्यास मोठा केला तर पेडल घट्ट लागते, पण पायाला जोर फार लागतो. बूस्टर नसेल तर पेडलच्या तरफेचे गुणोत्तर साधारण ६:१ आणि बूस्टर असेल तर ४:१ च्या आसपास ठेवतात.

दुसरी कडी बूस्टरची. तो इंजिनातील निर्वात दाबावर चालतो. शर्यतीच्या पद्धतीचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात हा दाब पुरेसा तयार होत नाही. म्हणजे इंजिन ‘जोरदार’ करण्याच्या नादात बूस्टर निकामी होतो. अशा वेळी बूस्टरविना योग्य व्यासाचा मास्टर सिलिंडर किंवा पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा बूस्टर हा मार्ग उरतो.

तिसरी कडी पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीची. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते. या गाड्यांना एबीएस नाही. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब आटोक्यात ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. तो मोकळ्या जागेत, कमी वेगावर पाहून जुळवायचा असतो आणि पुढची चाके मागच्यांच्या आधी जाम होतील इतपतच मागचा दाब ठेवायचा असतो.

चौथी कडी चाकांची. मोठी डिस्क आणि कॅलिपर मूळच्या १४ इंची चाकात अनेकदा मावत नाहीत. साहित्य मागवण्याआधी मोजमाप घेतले नाही तर डिस्कपाठोपाठ चाके आणि टायरचाही खर्च येतो. मागेही डिस्क बसवायच्या असतील तर हँडब्रेकची सोय आहे ना, हे आधीच पाहायचे.

ब्रेक ऑइलकडेही दुर्लक्ष नको. नेहमीचे ‘डॉट ३’ आणि ‘डॉट ४’ ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या ‘डॉट ४’चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा शिरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये असे ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे असल्याने ते या दोन्हींत मिसळू नये.

वळणावर गाडी का डगमगते?

साठच्या दशकातील सस्पेन्शन सरळ रस्त्यावरच्या आरामासाठी आखलेले होते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा बाहेरच्या चाकाने रस्त्याशी पूर्ण सपाट राहायला हवे. जुन्या मांडणीत ते वरच्या बाजूने बाहेर कलते आणि टायर कडेवर घासू लागतो. मस्टँगमध्ये यावर साधा उपाय निघाला. पुढच्या चाकाला धरणारा वरचा आर्म सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, ती जागा सुमारे एक इंच खाली घ्यायची. फोर्डचे अभियंते क्लाऊस आर्निंग यांच्या नावाने हा बदल ओळखला जातो. खर्च होतो तो योग्य जागी नवी छिद्रे पाडण्याचा, पण वळणावरचा फरक लगेच जाणवतो.

टायरचाही मुद्दा आहे. त्या काळी तिरप्या धाग्यांचे ‘बायस-प्लाय’ टायर होते आणि कंपनीची अलाइनमेंटची मापे त्यांच्यासाठी होती. आज बहुतेक जण रेडियल टायर वापरतात. त्यांना कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागचा कल, अधिक लागतो. साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेतील माप पाहून केलेली अलाइनमेंट रेडियल टायरवर गाडी भरकटवते.

नव्या स्प्रिंगवर पैसे घालण्याआधी झिजलेल्या गोष्टी बदलणे हिताचे. कडक झालेले रबरी बुश, ढिले बॉल जॉइंट, गळके शॉकअप आणि स्टीअरिंगमधील खेळ हेच अनेकदा खरे दुखणे असते. त्यानंतर जाड अँटी-रोल बार आणि चांगले शॉकअप. स्प्रिंग फार कडक केल्या तर खडबडीत रस्त्यावर चाक उसळते आणि पकड वाढण्याऐवजी कमी होते. मस्टँगसारख्या स्वतंत्र चेसिस नसलेल्या गाड्यांत पुढचा आणि मागचा भाग जोडणारे पोलादी पट्टे बसवतात. सांगाडा पिळवटला तर सस्पेन्शन कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

मागच्या बाजूला मस्टँग, कॅमॅरो यांना पाटे होते. ॲक्सलरेटर जोरात दाबला की ॲक्सल उलट दिशेने पिळतो, पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वाकतात, मग सुटतात आणि चाके रस्त्यावर टपटप आपटतात. १९६७ च्या कॅमॅरोत एकेरी पाटा असल्याने हा त्रास ठळक होता. १९६८ मध्ये शेवरोलेने एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवून तो कमी केला. आज त्यासाठी जादा पाटे आणि ट्रॅक्शन बार वापरतात.

मागचा ॲक्सल कशासाठी बदलतात?

इंजिनाची ताकद गिअरमधून मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियनकडे आणि तिथून चाकांकडे जाते. ताकद वाढवली आणि टायरची पकडही वाढली की सगळा ताण याच ठिकाणी येतो. सहा सिलिंडरच्या मस्टँगमधील ॲक्सलच्या क्राउनचा व्यास सव्वासात इंच होता, तर बहुतेक व्ही-८ मस्टँगमध्ये तो आठ इंच. सहा सिलिंडरच्या गाडीत नुसते व्ही-८ इंजिन टाकले तर मागचा ॲक्सल ते फार काळ सोसत नाही.

म्हणूनच फोर्डचा ‘नऊ इंची’ ॲक्सल लोकप्रिय आहे. १९५७ ते १९८६ या काळात तो फोर्डच्या गाड्यांत येत होता. त्याचे क्राउन-पिनियन असलेला पूर्ण भाग पुढच्या बाजूने काढता येतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी होते. पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली असल्याने दातांचा संपर्क अधिक राहतो आणि मजबुती वाढते. त्याची किंमत म्हणून घर्षणात थोडी ताकद जाते. जनरल मोटर्सचा ‘१२ बोल्ट’ आणि डेनाचा ‘६०’ हेही दणकट पर्याय आहेत.

इथेही सुरक्षेचा भाग आहे. जनरल मोटर्सच्या अनेक ॲक्सलमध्ये चाकाचा दांडा आतल्या टोकाला एका छोट्या ‘सी’ आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. दांडा मोडला तर चाकासकट तो बाहेर निघू शकतो. नऊ इंची ॲक्सलमध्ये दांडा बाहेरच्या टोकाला बेअरिंगपाशी पकडलेला असतो, त्यामुळे हा धोका टळतो.

ॲक्सल बदलताना तीन मापे चुकवून चालत नाहीत. चाक ते चाक रुंदी, ड्राइव्ह शाफ्टची लांबी आणि पिनियनचा कोन. रुंदी चुकली तर टायर मडगार्डला घासतो, कोन चुकला तर ठरावीक वेगावर गाडी थरथरते.

गुणोत्तर कोणते घ्यावे?

ॲक्सलचे गुणोत्तर म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात ड्राइव्ह शाफ्टचे किती फेरे होतात. आकडा मोठा तितकी गाडी सुटते झपाट्याने, पण महामार्गावर इंजिन ओरडत राहते. २६ इंच उंचीचे टायर असतील तर शेवटच्या थेट गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला ३.०८ गुणोत्तरावर इंजिन मिनिटाला सुमारे २,४७५ फेरे घेते. ४.११ वर तेच ३,३०० होतात. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असलेला नवा गिअरबॉक्स असेल, तर ४.११ लाही २,३१० फेऱ्यांत काम भागते. म्हणजे गुणोत्तर ठरवायचे ते टायर आणि गिअरबॉक्स पाहून. गुणोत्तर बदलले की वेगाचा काटाही पुन्हा जुळवावा लागतो.

हा विचार नवा आहे का?

अजिबात नाही. १९६५ मध्येच कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगवर हेच केले होते. त्यांच्या ‘जीटी ३५०’मध्ये २७१ अश्वशक्तीचे इंजिन ३०६ पर्यंत नेले, म्हणजे वाढ अवघी ३५ ची. खरे काम झाले ते खाली. पुढे डिस्क, मागे मोठे ड्रम, खाली घेतलेले वरचे आर्म, कोनी कंपनीचे शॉकअप, मागे ट्रॅक्शन बार आणि नऊ इंची ॲक्सल. त्या वर्षी अशा ५६२ गाड्या तयार झाल्या आणि अमेरिकेतील ‘एससीसीए’च्या बी-प्रॉडक्शन गटाचे विजेतेपदही या गाडीने मिळवले.

मूळ रूप जपायचे की सुरक्षा?

जुन्या गाडीचे मोल तिच्या अस्सलपणात असते. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातील मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३४ लाख डॉलरच्या बोलीला विकली गेली, तीही नव्याने न रंगवता, जीर्ण रूपात. दुर्मीळ गाडीच्या मूळ ॲक्सलवरील क्रमांकालाही किंमत असते. तो ॲक्सल विकून टाकला तर परत मिळत नाही.

मात्र बहुतेक गाड्या इतक्या दुर्मीळ नसतात. शिवाय दोन्ही साधता येते. कापाकापी वा वेल्डिंग न करता मूळ छिद्रांवरच नट-बोल्टने बसणारे सुटे भाग घ्यायचे आणि काढलेले भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवायचे. पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करायची असेल तर ते शक्य राहते.

भारतात असे बदल करता येतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झाले असतील तर हा दर्जा मिळत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. झिजलेले लायनर, नळ्या, बुश बदलणे ही देखभाल झाली. ब्रेकचा प्रकार किंवा ॲक्सल बदलण्याआधी मात्र आरटीओकडून खात्री करून घेणे श्रेयस्कर.

सुरुवात कुठून करावी?

गाडी मॉडेल कोणतेही असो, क्रम साधारण सारखाच राहतो. आधी तपासणी आणि गळती बंद करणे, मग दुहेरी मास्टर सिलिंडर व नव्या नळ्या, मग पुढच्या डिस्क, त्यानंतर टायर, बुश, शॉकअप आणि अलाइनमेंट, मग ॲक्सल आणि सर्वात शेवटी इंजिन. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी चालवून पाहायची, म्हणजे बिघाड कुठल्या बदलामुळे आला हे कळते.

काम करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. आणि दाबलेली कॉइल स्प्रिंग योग्य अवजाराशिवाय सोडवायला जाऊ नये, ती जिवावर बेतू शकते. अशा गाडीत बहुधा एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि अनेकदा पट्टाही फक्त कमरेचा. समोरची आजची गाडी अचानक थांबली, तर मधल्या अंतरात उपयोगी पडतात ते फक्त ब्रेक आणि टायर.